गच्ची कव्हर होत नाही

"सर, मशीन तक एक्सेस रहेगा ना?" असं फोनवरच्या मुलीनं विचारलं आणि मी म्हणालो, "बिल्कुल. छत अपनी ही है."

गच्ची आमची नव्हती. हे मला ठाऊकही होतं. पण नोकरीची बहुतेक वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेल्या माणसाला गच्ची कुणाची असते हा प्रश्नच पडत नाही. तिथे गच्ची सगळ्यांची असायची. आमच्या कुरडयांशेजारी मद्राशांचे पापड वाळायचे, पंजाब्यांच्या रजया उन्हं खायच्या, आणि कुणी कुणाला विचारत नसे. निवृत्ती जवळ आली तसा आम्ही फरीदाबादला एका तीन मजली घराचा मधला मजला घेतला. इकडे अशा घरात जो सगळ्यात वरचा मजला विकत घेतो, गच्ची त्याच्या नावावर जाते. रजिस्ट्रीच्या वेळी वकिलानं हे वाचून दाखवलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावणं हे आमच्या खात्यात कामाचंच एक अंग आहे.

आधीच्या मालकानं घरभर सेंट्रल एसी करून ठेवला होता. फॉल्स सीलिंगमधून डक्ट, प्रत्येक खोलीत जाळी, खिडक्यांना उघडता न येणाऱ्या काचा. आणि बाहेरचं मशीन, दुसरीकडे जागा नाही म्हणून, गच्चीवर. त्याचं आणि वरच्या मालकाचं तोंडी काहीतरी ठरलेलं होतं. तो घर विकून गेला, तोंडही बरोबर घेऊन गेला.

मी वर्षाचा सर्व्हिस प्लॅन घेतला. कॉम्प्रेसर कव्हर, पंख्याची मोटर कव्हर, गॅस कव्हर, इलेक्ट्रिकचा बोर्ड कव्हर. मशीनपर्यंत पोहोचायची सोय मात्र ग्राहकानं करायची. माणूस आला आणि त्याला मशीनपर्यंत जाता आलं नाही, तर भेट झाली असं धरून तक्रार बंद; मग नवी तक्रार, नवा नंबर, पुन्हा रांगेच्या शेपटाला. हे सगळं त्या मुलीनं स्टेशनवरच्या घोषणेच्या वेगात वाचलं. मीही ऑफिसात लोकांना नियम त्याच वेगात वाचून दाखवतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या जूनमध्ये आमच्या कॉलनीत रोज कुठे ना कुठे हाणामारी होत होती. पार्किंगवरून कोपऱ्यावरच्या दोघांनी एकमेकांच्या गाड्यांच्या काचा विटांनी फोडल्या. पाण्याच्या टँकरपाशी एका बाईनं दुसरीच्या डोक्यात स्टीलची बादली घातली. एका भाजीवाल्याची गाडी कुणीतरी लाथ मारून उलटी केली, का ते त्यालाही कळलं नाही. मी हे सगळं काचेआडून, थंडगार खोलीत, चहाचा कप हातात धरून बघायचो आणि बायकोला म्हणायचो, "काय यार लोक आहेत."

मग आमचा एसी बंद पडला.

एरवी आम्ही सोसलं असतं. पण घरात आबा होते. आबा म्हणजे माझे सासरे, साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर बायकोनं त्यांना गावाहून आणलं होतं. कँटोन्मेंटच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं की यांना ऊन, उकाडा काही चालणार नाही. हृदयावर ताण आला तर दुसरी संधी मिळायची नाही. मी कूलर आणला. बंद काचांच्या घरात कूलर लावला की घराचा कुकर होतो, हे मला तो लावल्यावर समजलं. "हॉस्पिटलात नेऊ या," बायको म्हणाली, तर आबांनी कॉटचा दांडा धरून ठेवला. "त्या हॉस्पिटलात पुन्हा न्याल तर मी रस्त्यातच उडी मारीन," ते म्हणाले. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी येणार होता. तोवर आबा ओला पंचा छातीवर टाकून फरशीवर पडून होते. ओठ निळसर दिसायला लागले होते.

"जावईबापू," ते डोळे मिटूनच म्हणाले, "तुमच्या त्या प्लॅनात माझं बसतंय का बघा काही."

"आबा, आज माणूस येतोय. आज सुरू होणार."

"मग आजच्या दिवस थांबतो."

ते गंमत करत होते. पण बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यात गंमत नव्हती.

दुपारी मेकॅनिक आला. धिप्पाड, घामानं निथळणारा, सकाळपासून पाच घरांत ओरडा खाऊन आलेला. मी त्याला जिन्यानं वर नेलं. वरच्याच्या दारावरून पुढे गेलं की गच्चीचं लोखंडी दार, आणि त्या दाराला मुठीएवढं कुलूप.

कुलूप नवीन नव्हतं. वरचा माणूस ठेकेदार आहे. मान नाही, खांद्यावर थेट डोकं. आमचं मशीन त्याच्या बेडरूमच्या डोक्यावर घुमतं आणि संध्याकाळी तो गच्चीवर खाट टाकून बसला की त्याच्या तोंडावर गरम हवा सोडतं, ही त्याची तक्रार. एप्रिलमध्ये त्यानं मला जिन्यात अडवलं होतं. "हटा लो इसको, वरना उठा के नीचे फेंक दूँगा." मी काय म्हणावं? मी म्हणालो, "आप लिखित में दीजिए." त्यानं वर जाऊन मशीनला लाथ घातली. त्याचा पोचा अजून आहे. दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं, आणि किल्ली मागायची मी तेव्हापासून टाळत आलो होतो.

मी त्याची बेल वाजवली. त्याची बायको जाळीच्या दाराआडून म्हणाली, "चाबी उनके पास है भाईसाहब. रोटी खाने आएँगे, तब पूछ लेना."

"कब आएँगे?"

"जब भूख लगेगी."

मेकॅनिकनं मोबाइलमध्ये पाहिलं. "सर, मैं रुक नहीं सकता. कस्टमर ने एक्सेस नहीं दिया, ये डाल के निकलता हूँ."

"मग पुढची तारीख?" मी मराठीतच विचारलं. अशा वेळी माझी हिंदी पळून जाते.

त्याला समजलं. "जून है सर. हफ्ता मान के चलो. दस दिन भी."

खालून बायकोची हाक आली. मला नाही, आबांना. ती त्यांना सारखी हाक मारत होती, आणि ते प्रत्येक हाकेला ओ देत नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेलो. मिक्सरच्या मागे पाटा उभा असतो, सासूबाईंच्या लग्नातला, आणि त्यावरचा वरवंटा. मी वरवंटा उचलला, वर गेलो, आणि कुलपावर घातला. पहिला घाव माझ्या अंगठ्याला लागला. दुसरा दाराला. तिसऱ्याला कोयंडा वाकला, चौथ्याला कुलूप उडून जिन्यात गेलं आणि पायऱ्यांवरून खणखणत खाली उतरलं. सगळा जिना घुमला. आयुष्यात मी कशाचंही सील विनापरवानगी तोडलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वरचीनं दार उघडलं. तुटलेल्या कोयंड्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वरवंट्याकडे पाहिलं. "ये क्या किया आपने?" ती म्हणाली. "अब वो छोड़ेंगे नहीं." आज वादळ येणार असं सांगावं, इतक्या सरळ सुरात.

गच्ची तव्यासारखी तापली होती. मेकॅनिकनं मशीनचा पत्रा उघडला, आत टॉर्च मारला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा माणसात आला. "कपॅसिटर फूल गया है बस. कॉम्प्रेसर ठीक है."

"कव्हर है?"

"है, है."

त्यानं पिशवीतून नवा काढून बसवला, वायरी जोडल्या, स्विच दिला. पंखा थरथरला, अडखळला, आणि फिरायला लागला. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन कान लावला. खालून बायको ओरडली, "आली! अहो, हवा आली!" मी वरवंटा कठड्यावर ठेवला आणि मेकॅनिकला मिठी मारायचंच बाकी ठेवलं.

त्याच वेळी खाली गाडीचं दार आपटलं.

इकडच्या लोकांच्या गाडीत स्टेपनी नसेल एक वेळ, पण सीटखाली डंडा असतोच. ठेकेदाराचा तेल पाजलेला होता. तो जिना चढताना बोलत होता, शिव्या तुटलेल्या कुलपापासून सुरू होऊन माझ्या आईपर्यंत पोहोचत होत्या आणि तिथून परत फिरत होत्या. दारात आला आणि त्यानं विचारलं, "किसने तोड़ा?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या तोंडातून काही निघायच्या आत त्यानं पत्रा उघडून बसलेल्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, आणि उत्तर मिळाल्यासारखा त्याच्यावर गेला. पहिला डंडा मेकॅनिकच्या मनगटावर बसला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. मेकॅनिक किंचाळला, खाली बसला आणि बसल्या बसल्या दुसऱ्या हातानं पाना ठेकेदाराच्या नडगीवर मारला. ठेकेदार एका पायावर नाचला आणि त्यानं डंडा पुन्हा वर उचलला.

"भाईसाहब!" मी मध्ये घुसलो. "बैठ के बात करते हैं!"

डंडा माझ्या कानावर आला. चष्मा कुठेतरी उडाला. कानात शिट्टी सुरू झाली, ती दोन दिवस वाजत होती. जीभ दातांखाली आली आणि तोंडात रक्त भरलं, गरम, खारट. मला वाटलं होतं की मार बसला की माणूस घाबरतो. मी घाबरलो नाही. मला त्याचा गळा दिसला, शर्टाच्या उघड्या बटणातला, आणि तो गळा फोडावा असं मला वाटलं, इतकं स्वच्छ वाटलं की बाकीचं सगळं, आबा, एसी, पेन्शन, धूसर झालं. कठड्यावरचा वरवंटा माझ्या हातात कधी आला ते मला सांगता येणार नाही. मी दोन्ही हातांनी तो डोक्यावर नेला आणि हाणला.

चष्मा नव्हता, हे त्या माणसाचं नशीब. माझंही. वरवंटा त्याच्या खांद्याजवळून गेला आणि मशीनच्या तांब्याच्या पाईपवर बसला. पाईप चेपला, फाटला आणि फुस्सकन् पांढरा फवारा आमच्या तिघांच्या अंगावर आला. त्या उन्हात माझ्या हातावर बर्फ जमला. ठेकेदार मागे सरकला. मशीन घरघरलं, आणि पंखा हळूहळू थांबला.

मेकॅनिक मोडलेलं मनगट पोटाशी धरून, डोळ्यांत पाणी, नाकातून शेंबूड, अशा अवस्थेत त्या पाईपकडे बघत होता. तो म्हणाला, "सर, ये कव्हर नहीं होगा."

खालून बायकोचा आवाज आला, "अहो, पुन्हा गेली! काय केलंत?"

ठेकेदारानं पुन्हा डंडा उचलला, मी पुन्हा वरवंटा. आम्ही एकमेकांभोवती फिरत होतो, दोन म्हातारे बैल फिरतात तसे. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली होती, सगळ्यांचे मोबाइल वर. एक बाई मुलाला सांगत होती, नीट धर, हलवू नकोस.

मेकॅनिकनं दरम्यान एक काम केलं होतं. दुसऱ्या हातानं त्यानं आपल्या मित्रांना आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, "छत पे मार रहे हैं मुझे." ही माणसं दिवसभर मोटरसायकलवर एकाच भागात फिरत असतात. दोघं आले. एकाच्या हातात लोखंडी पाईप, दुसऱ्याच्या हातात पाईप वाकवायचं अवजार. त्यांनी मनगट पाहिलं आणि कुणाला काही विचारलं नाही.

ठेकेदारानं पहिल्याला डंड्यानं अडवलं, दुसऱ्यानं मागून गुडघ्यात मारलं. तो कोसळला. पाईपवाल्याचा एक वार हुकून त्याच्या पाण्याच्या टाकीवर बसला आणि टाकी उभी चिरली. गरम पाण्याचा लोट गच्चीभर पसरला, जिन्यातून खाली धावला. त्या पाण्यात ठेकेदार पालथा पडला होता आणि ते दोघं त्याला लाथा घालत होते, बरगड्यांत, पाठीत, एका लयीत, कुणी गादी झोडपावी तसे. तो आधी शिव्या देत होता, मग नुसता हुंकारत होता, मग तेही कमी झालं. भुवई फुटून रक्त पाण्यात सुटत होतं. पाईपवाल्यानं पाईप दोन्ही हातांत घेतला आणि डोक्याचा अंदाज घेतला.

मघाशी मी तोच अंदाज घेतला होता. म्हणूनच बहुधा मला तो लगेच ओळखता आला.

मी ओरडलो, "अरे मरेल तो!" कुणी लक्ष दिलं नाही. मी त्याचा हात धरायला गेलो, त्यानं मला कोपरानं उडवलं. मग मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि चावलो. केंद्र सरकारचा एक जबाबदार अधिकारी, बीपीच्या गोळीवर असलेला, एका अनोळखी माणसाच्या दंडात दात रुतवून लटकला होता. तो मला झटकत होता, मी सुटत नव्हतो. त्याच्या घामाची चव अजून आठवते. शेवटी त्यानं पाईप टाकला, तेव्हा माझा एक दात त्याच्या बाहीत राहिला.

"पागल है क्या, अंकल?" तो दंड चोळत म्हणाला. खरोखर दुखावल्यासारखा. "हम आपकी तरफ़ से हैं!"

तेवढ्यात खाली पोलिसांची गाडी आली आणि मोबाइलवाले सगळे एकदम गच्च्यांवरून गायब झाले.

मग मला आबांची आठवण झाली.

जिन्यातून पाणी उतरत होतं. मी भिंत धरून खाली निघालो. माझ्यामागे ठेकेदार, एक डोळा मिटलेला, त्या दोघांनीच त्याला काखेत धरून उभा केला होता, कारण शिपायानं तसं सांगितलं होतं. आमच्या मजल्यापर्यंत मला जावंच लागलं नाही. ठेकेदाराच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून त्यांच्या एसीची थंडगार हवा जिन्यात येत होती.

आत त्याच्या बेडरूममध्ये, त्याच्या पलंगावर, त्याच्या उशीवर डोकं ठेवून आबा झोपले होते. ओठांना पुन्हा रंग आला होता. माझी बायको पायाशी बसून तळवे चोळत होती. ठेकेदारीण उशाशी लिंबू सरबताचा पेला धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, भुवईकडे, मग त्याच्या पायांखाली साचणाऱ्या लाल पाण्याकडे.

"जूते बाहर," ती म्हणाली. "और धीरे. ताऊजी की अभी आँख लगी है."

ठेकेदारानं बोलायला तोंड उघडलं. मग त्यानं आपल्या पलंगावरच्या त्या वाळक्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या छातीवरच्या ऑपरेशनच्या लांबलचक व्रणाकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून, दात ओठ खात, एका हातानं बूट काढायला लागला. त्याला वाकता येईना. मी खाली बसून त्याच्या नाड्या सोडल्या. प्रेम वगैरे काही नव्हतं त्यात. बुटांतून पाणी गळत होतं आणि आबा झोपले होते.

पुढचं काही फार सांगण्यासारखं नाही. सरकारी दवाखान्यात आम्ही सगळे एकाच बाकावर बसलो होतो: मनगट, भुवई, कान, आणि शेवटी चावलेला दंड, ज्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. त्याला इंजेक्शनची भीती वाटत होती. चौकीत सगळ्यांनीच सगळ्यांवर केस करायची धमकी दिली, आणि हवालदारानं, ज्याचा पंखाही बंद होता, आम्हाला समझोता करून निघून जायला सांगितलं. कंपनीनं माझा प्लॅन रद्द केला. कारण लिहिलं होतं, ग्राहकाने उपकरणाची हेतुपुरस्सर मोडतोड केली. हरकत घेण्यासारखा त्यात एक शब्द नव्हता.

आबा मशीन दुरुस्त होईपर्यंत वरच राहणार, हे आम्हाला विचारून ठरलं नव्हतं. आम्ही चौकीवरून परतलो तेव्हा ते उठून बसले होते आणि ठेकेदार, डोक्याला पट्टी, त्यांच्याकडून सीमेवरच्या गोष्टी ऐकत होता. मी दारातून डोकावलो तर त्यानं मान फिरवली. मीही फिरवली.

खाली आमच्या भट्टीत बायकोनं मला हळद-दूध दिलं, जे मला पिता येत नव्हतं. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुलूप, डंडा, पाईप. त्या माणसाचा जीव मी कसा वाचवला ते जरा जास्तच वेळ सांगितलं. दात कसा गेला तेही. ती ऐकत होती, आबांचे ओले पंचे पिळत होती. माझं सांगून झाल्यावर मी विचारलं, "पण तू आबांना वर नेलंस तरी कसं?"

"तुमचा आरडाओरडा सुरू होता तेव्हा मी तिच्या दाराशी गेले. म्हटलं, वडिलांना त्रास होतोय. ती म्हणाली, ले आओ. दोघींनी धरून नेलं." तिनं पंचा झटकून दोरीवर टाकला. "एवढा वेळ तुम्ही सगळे वर काय करत होतात?"